हडसन नदीवरची लोकांची बोट : 'क्लिअरवॉटर'ची गोष्ट आणि आपला परिसर अभ्यास



'नदीचे आत्मवृत्त' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. डोंगरात जन्म, खळाळतं बालपण, मैदानात आल्यावर संथ तारुण्य, मग कारखान्यांचं सांडपाणी, प्लास्टिक आणि शेवटी माणसाला विनवणी : मला वाचवा. साच्यातला निबंध. मुलं तो पाठ करतात, पूर्ण गुणही मिळवतात. पण वर्गातल्या किती मुलांनी गेल्या वर्षभरात नदीच्या काठावर अर्धा तास घालवलाय, असं विचारलं तर हात किती वर येतील? बहुतेक मुलांना नदी दिसते ती एसटीच्या किंवा रिक्षाच्या खिडकीतून, पुलावरून जाताना. वास आला की आई म्हणते, नाक धर. नदीशी ओळख म्हणावी तर एवढीच.

आज ज्या बोटीबद्दल लिहितोय, ती नेमकी या अडचणीतून जन्माला आली. बोट अमेरिकेतली आहे, नदीही तिथली आहे. पण 'जिची ओळखच नाही ती नदी मुलं का वाचवतील?' हा प्रश्न आपल्यालाही तेवढाच लागू आहे. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, आणि शेवटी वर्गात तिचा उपयोग कसा करता येईल तेही लिहितो.

आधी नदी समजून घेऊ

हडसन नदी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. उगम ॲडिरॉन्डॅक डोंगरातल्या एका छोट्या तळ्यात, शेवट न्यूयॉर्क शहराच्या बंदरात. लांबी सुमारे ५०० किलोमीटर.

या नदीची एक गंमत मुलांना फार आवडेल. समुद्राची भरती नदीत थेट ट्रॉय या गावापर्यंत, म्हणजे जवळजवळ २४५ किलोमीटर आत शिरते. भरतीच्या वेळी पाणी उत्तरेकडे, ओहोटीच्या वेळी दक्षिणेकडे. तिथल्या मूळ रहिवाशांनी म्हणूनच तिला दोन्ही दिशांनी वाहणारं पाणी अशा अर्थाचं नाव दिलं होतं. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. खाडीकाठच्या मुलांना पाणी चढतं आणि उतरतं हे पुस्तकाआधीच ठाऊक असतं. घाटावरच्या मुलांना मात्र नदी उलटी वाहू शकते हे खरं वाटत नाही. तिथे नकाशा काढूनच दाखवावं लागतं.

१६०९ साली हेन्री हडसन हा दर्यावर्दी 'हाफ मून' नावाच्या जहाजातून या नदीत शिरला, त्याचंच नाव नदीला पडलं. पुढची दोनशे वर्षं नदी हाच रस्ता होता. मालाची आणि माणसांची ने-आण 'स्लूप' नावाच्या बोटींतून व्हायची. स्लूप म्हणजे एकच डोलकाठी आणि तिच्यावर भलं मोठं शीड असलेली बोट. न्यूयॉर्कहून ऑल्बनीला जायला वारा आणि भरती यांची साथ लागायची. साथ मिळाली तर काम पटकन व्हायचं, नाही मिळाली तर नांगर टाकून वाट बघत बसायचं.

१८०७ मध्ये रॉबर्ट फुल्टनची वाफेवर चालणारी बोट याच नदीवर धावली. न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे अंतर तिने सुमारे ३२ तासांत कापलं. १८२५ मध्ये इरी कालवा सुरू झाला आणि नदी थेट मोठ्या सरोवरांना जोडली गेली. मग रेल्वे आली. काठावर वीटभट्ट्या, सिमेंटचे कारखाने, ओतशाळा, पुढे मोटारींचे आणि विजेच्या सामानाचे कारखाने उभे राहिले. नदीने देशाला श्रीमंत केलं. स्लूप मात्र हळूहळू नाहीशा झाल्या. विसाव्या शतकाच्या मध्याला नदीवर एकही जुनी स्लूप धावत नव्हती.

नदी नाला कशी झाली?

कारखान्याला पाणी हवं असतं आणि घाण टाकायला जागा हवी असते. नदी दोन्ही देते, तेही फुकट. हे गणित जगात सगळीकडे सारखंच.

टॅरीटाउन गावी मोटारींचा मोठा कारखाना होता. त्या दिवशी गाड्यांना जो रंग लावला असेल तो नदीच्या पाण्यात दिसायचा, असं तिथले जुने लोक सांगतात. शहरांचा मैला तर सरळ नदीतच जायचा. न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूचा मैला १९८६ सालापर्यंत शुद्ध न करताच हडसनमध्ये सोडला जात होता. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर, आणि ही स्थिती!

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नव्हती. नदीच्या वरच्या भागात हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड इथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे दोन कारखाने होते. तिथे विजेच्या उपकरणात लागणारे कपॅसिटर बनायचे. त्यात पीसीबी नावाचं रसायन वापरलं जायचं, कारण ते सहज पेट घेत नाही आणि वीज वाहू देत नाही. १९४७ ते १९७७ या ३० वर्षांत १३ लाख पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५९० टन पीसीबी या कारखान्यांतून नदीत गेलं असा अंदाज आहे. ते पाण्यात विरघळून वाहून जात नाही. गाळात बसतं, गाळातून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्यांत आणि शेवटी मासे खाणाऱ्या माणसांत जातं. अन्नसाखळीचा धडा शिकवताना आपण गवत, नाकतोडा, बेडूक, साप असा बाण काढतो ना, त्याच बाणावरून विषही पुढे सरकतं आणि प्रत्येक पायरीवर वाढत जातं.

१९७६ मध्ये राज्य सरकारने हडसनमधली बहुतेक व्यावसायिक मासेमारी बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या घरांचा धंदा बसला. विष त्यांनी सोडलं नव्हतं, पण भुर्दंड त्यांच्यावर पडला.

एक गाणारा माणूस आणि एक जुनं पुस्तक

पीट सीगर हे अमेरिकेतले प्रसिद्ध लोकगायक. आपण शाळेत परिपाठाला 'हम होंगे कामयाब' म्हणतो, त्याचं मूळ इंग्रजी गाणं 'वुई शाल ओव्हरकम' अमेरिकेच्या नागरी हक्क चळवळीत आणि जगभर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यामुळे नाव नवीन असलं तरी माणूस आपल्याला अगदीच परका नाही.

सीगर आणि त्यांच्या पत्नी तोशी हडसनच्या काठी बीकन गावाजवळ, स्वतः बांधलेल्या लाकडी घरात राहायचे. सीगर छोट्या होडीतून नदीत फिरायचे तेव्हा आजूबाजूला मैला तरंगताना दिसायचा. त्याच सुमारास एका मित्राने त्यांना १९०८ साली छापलेलं एक पुस्तक वाचायला दिलं. हडसनवरच्या जुन्या स्लूपांची माहिती देणारं. ते वाचून त्यांच्या डोक्यात कल्पना आली : तशी एक बोट पुन्हा बांधायची. कुणा एका श्रीमंताची नाही, काठावरच्या सगळ्या लोकांची.

१९६६ साली सीगर दांपत्याने आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यासाठी संस्था स्थापन केली. तेव्हा अनेकांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. नदी सडतेय आणि तुम्ही बोट कसली बांधताय? तोच पैसा शुद्धीकरणाला द्या, कोर्टात जा. सीगर यांचं म्हणणं असं होतं की लोकांनी नदीकडे पाठ फिरवली आहे, आणि ज्याकडे पाठ आहे त्याच्यासाठी कुणी भांडत नाही. आधी लोकांना पाण्यावर आणा, त्यांना नदी आवडू द्या. भांडायला ते आपणहून उभे राहतील.

दुसरी अडचण राजकारणाची होती. सीगर डाव्या विचारांचे. १९५५ साली अमेरिकन संसदेच्या समितीने त्यांची चौकशी केली होती, त्यांच्यावर खटला झाला होता, आणि १९६२ मध्ये वरच्या न्यायालयात ते सुटले होते. वर्षानुवर्षं टीव्हीवर त्यांना बंदीसारखीच होती. त्यामुळे 'त्या माणसाची बोट' आपल्या धक्क्याला नको, असं म्हणणारेही काठावर होते. सार्वजनिक काम करताना आधी माणसाचा रंग बघायचा की कामाचा, हा प्रश्न गावोगावी पडतो. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल.

बोट बांधली कशी आणि उतरवली कशी?

पैसा जमला तो मुख्यतः गाण्यांच्या कार्यक्रमांतून. उद्यानात, शाळेत, कुणाच्या तरी अंगणात कार्यक्रम व्हायचे आणि लोक जमेल तेवढे पैसे टाकायचे. आपल्याकडे गावाच्या वर्गणीतून देवळाचा सभामंडप उभा राहतो, तसंच. थोडे थोडे पैसे, पण देणारे हजारो. यातली एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याने एक डॉलर दिला त्यालाही ही बोट आपली वाटू लागली. बोट तरंगण्याआधीच तिचे मालक झाले होते.

आराखडा सायरस हॅमलिन यांनी केला. जुन्या स्लूपसारखीच बोट, पण आजच्या सुरक्षेच्या नियमांत बसणारी. बांधकाम मेन राज्यातल्या साउथ ब्रिस्टल गावी, हार्वे गॅमेज यांच्या कारखान्यात झालं. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये तळाचा कणा बसवला आणि १७ मे १९६९ रोजी बोट पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'क्लिअरवॉटर', म्हणजे निर्मळ पाणी. पाणी तेव्हा निर्मळ नव्हतंच. ते नाव म्हणजे पुढच्या कामाची यादी होती.

मोठं लाकडी जहाज पाण्यात उतरवतात कसं, हे मुलांना जरूर सांगा, कारण त्यात विज्ञानाचे दोन-तीन धडे एकदम येतात. जहाज पाण्याकडे उतरत जाणाऱ्या उतारावरच बांधतात. तळाखाली लांब लाकडी तुळया असतात, त्यांना भरपूर चरबी किंवा ग्रीस चोपडतात, म्हणजे घर्षण कमी होतं. भरती पूर्ण भरायची वाट बघतात, म्हणजे पुरेसं खोल पाणी मिळतं. मग आधाराचे ओंडके आणि पाचर काढून टाकतात. जहाज स्वतःच्याच वजनाने घसरत पाण्यात जातं. उतार, घर्षण, भरती, तरंगणं, सगळं एका घटनेत. लाकडाची फळी, साबण आणि एक कंपासपेटी एवढ्यावर याचा प्रयोग वर्गात होतो. कोरड्या फळीवर कंपासपेटी किती तिरकी केल्यावर घसरते आणि साबण लावल्यावर किती, एवढं मोजायचं.

आता आकार. क्लिअरवॉटर १०६ फूट लांब आहे. डोलकाठी १०० फुटांपेक्षा उंच आणि सगळी शिडं मिळून ४,३०० चौरस फुटांच्या आसपास. आपली वर्गखोली साधारण ५०० चौरस फुटांची धरली तर आठ-साडेआठ वर्गखोल्यांएवढं कापड! क्षेत्रफळाच्या तासाला हे उदाहरण घेऊन बघा.

बोट उतरली तेव्हा कर्ज शिल्लक होतं. म्हणून पहिल्या सफरीत खलाशी म्हणून गायकच घेतले. ठिकठिकाणी धक्क्याला लागायचं, संध्याकाळी काठावर गाणी म्हणायची, वर्गणी गोळा करायची आणि पुढे निघायचं. असं करत त्या उन्हाळ्यात बोट न्यूयॉर्कला आणि तिथून हडसनवर आली. याच वर्षी जूनमध्ये ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात कायाहोगा नदीच्या पाण्यावर साचलेल्या तेलाला आग लागली होती. नद्यांबद्दलचा राग देशभर वाढत होता, आणि नेमक्या त्या वेळी एक सुंदर बोट गावोगाव फिरून सांगत होती की या, बघा, ही तुमची नदी.

बोटीवर शाळा भरते तेव्हा

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. क्लिअरवॉटर म्हणजे एक तरंगती शाळा आहे. साधारण पन्नासेक जण एका वेळी बसतात. मुलं चढली की पहिलं काम खाऊ किंवा भाषण नसतं. पहिलं काम शीड चढवणं. दोन रांगा करायच्या, दोर हातात घ्यायचा आणि गाण्याच्या तालावर सगळ्यांनी मिळून ओढायचा. एकट्या मोठ्या माणसालाही न हलणारं ते जड शीड चौथी-पाचवीची पोरं मिळून वर चढवतात. सहकार्यावर आपण कितीही सांगितलं तरी त्या एका दोराइतकं ते पोचत नाही.

मग पिशवीसारखं जाळं थोडा वेळ पाण्यातून ओढतात. जे मासे, खेकडे सापडतील ते पाण्याच्या टाकीत ठेवून मुलांना दाखवतात, नावं सांगतात आणि परत नदीत सोडतात. पुढे मुलांचे गट पडतात. एक गट पाण्यातला ऑक्सिजन आणि खारटपणा तपासतो. एक गट भिंगाखाली प्लवक बघतो. एक गट नकाशा वाचतो, सुकाणूचा दांडा धरतो. थोडा वेळ सगळे अगदी गप्प बसतात आणि फक्त पाण्याचा, दोरांचा आणि पक्ष्यांचा आवाज ऐकतात.

यात कुठेही 'प्रदूषण वाईट आहे' असं सुरुवातीला सांगत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मूल आधी मासा बघतं. मग त्यालाच प्रश्न पडतो, हा खाता येतो का? आणि उत्तर 'नाही' आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, का नाही? तिथून पीसीबी, कारखाना, कायदा सगळं शिकवता येतं. प्रश्न मुलाचा असला की उत्तर लक्षात राहतं.

स्वयंसेवक म्हणजे कुणीही नव्हे

'लोकांनी चालवलेली बोट' म्हटलं की आपल्याला वाटतं, हौशी लोक जमले आणि निघाले. तसं नाही. क्लिअरवॉटरचा कप्तान परवानाधारक असतो. यांत्रिकी आणि डोलकाठीचं काम बघणारी माणसं प्रशिक्षित आणि पगारी असतात. प्रवासी बोट म्हणून तटरक्षक दलाची तपासणी होते. त्यांच्या जोडीला स्वयंसेवक येतात. कुणी आठवडाभर बोटीवर राहतं, स्वयंपाक करतं, डेक धुतं, मुलांना शिकवतं. त्यात निवृत्त लोक असतात, कॉलेजची मुलं असतात, शिक्षकही असतात.

हिवाळ्यात बोट धक्क्याला बांधलेली असते तेव्हा खरी कष्टाची कामं चालतात. लाकडी बोटीला सतत डागडुजी लागते. फळ्यांच्या फटींत धागे ठोकून भरायचे, वरून डांबरासारखा लेप द्यायचा, घासायचं, रंगवायचं, सडलेली फळी बदलायची. उतरवण्याचा सोहळा एका दिवसाचा असतो, पण बोट पन्नास वर्षं तरंगत राहिली ती या कामामुळे. आपल्याकडे वृक्षारोपणाचा फोटो निघतो आणि उन्हाळ्यात रोपाला पाणी घालायला कुणी नसतं. या बोटीकडून शिकायचंच तर आधी हे शिकावं.

पूर्णपणे स्वयंसेवकांच्या हातात असलेली बोट बघायची असेल तर तीही याच नदीवर आहे. १९७८ साली सीगर यांनीच एक लहान स्लूप बांधून घेतली आणि आपल्या गायक मित्राच्या नावावरून तिला 'वुडी गथ्री' हे नाव दिलं. ती बीकन गावातला स्लूप क्लब चालवतो. उन्हाळ्यात संध्याकाळी ही बोट लोकांना विनामूल्य फिरवून आणते. सुकाणूवरचा माणूस दिवसा दुसरीच नोकरी करत असतो. क्लब स्ट्रॉबेरीचा, मक्याचा, लाल भोपळ्याचा असे गावजत्रेसारखे उत्सव भरवतो आणि त्यातून खर्चाला हातभार लागतो.

मग नदी बोटीने साफ केली का?

इथे जरा सांभाळून शिकवायला हवं. 'एका गायकाने बोट बांधली आणि नदी स्वच्छ झाली' असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण खोटी होईल.

१९७० मध्ये पहिल्या वसुंधरा दिनाच्या वेळी क्लिअरवॉटर थेट राजधानी वॉशिंग्टनला गेली आणि संसदेच्या सभासदांपुढे नद्यांचा प्रश्न मांडला गेला. १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला होता, संसदेने तो बाजूला सारून कायदा मंजूर केला. हे काही एका बोटीचं काम नव्हे. देशभरातले मच्छीमार, शास्त्रज्ञ, वकील आणि साधे नागरिक यांचा रेटा त्यामागे होता. हडसनवर स्टॉर्म किंग डोंगराशी वीजप्रकल्प होऊ नये म्हणून लोक १९६० च्या दशकापासून कोर्टात लढत होते आणि १९८० मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला. बोटीच्या संस्थेने आपला वाटा उचलला. स्वयंसेवक कारखान्यांच्या नळांवर नजर ठेवायचे आणि बेकायदा सांडपाणी दिसलं की तक्रार करायचे.

कायद्यानंतर शुद्धीकरण केंद्रं झाली, मैला थांबला, पाण्यात ऑक्सिजन वाढला. आज हडसनच्या काही भागांत लोक पोहतातही. पण गाळातलं पीसीबी तसंच होतं. १९८४ मध्ये सरकारने नदीचा सुमारे ३२० किलोमीटरचा पट्टा देशातल्या अतिविषारी जागांच्या यादीत टाकला. प्रत्यक्ष गाळ उपसायला सुरुवात झाली २००९ मध्ये. २०१५ पर्यंत, कंपनीच्या खर्चाने, सुमारे २१ लाख घनमीटर गाळ काढला गेला. एका डंपरमध्ये १० घनमीटर धरले तर २ लाख १० हजार डंपर! आणि तरीही नदीच्या बऱ्याच भागात मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी तिथले मासे खाऊ नयेत असा आरोग्य विभागाचा सल्ला आजही आहे.

वर्षं मोजून बघा. विष टाकायला ३० वर्षं. टाकणं थांबल्यापासून उपसायला सुरुवात होईपर्यंत आणखी ३२ वर्षं. १९७७ साली पहिलीत असलेलं मूल उपसा सुरू झाला तेव्हा अडतीस-एकोणचाळीस वर्षांचं झालं होतं. नदी घाण करणं आणि साफ करणं यांचा वेग सारखा नसतो, हे वजाबाकीच्या एका उदाहरणातून पाचवीच्या मुलालाही कळतं.

बोटीने काय केलं? तिने माणसं तयार केली. पन्नासहून जास्त वर्षांत लाखो मुलांनी त्या दोराला हात लावला. गाळ उपसायचा की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालू होता, तेव्हा सभांना येऊन बसणारे, पत्रं लिहिणारे, प्रश्न विचारणारे लोक काठावर होते. तोशी सीगर २०१३ मध्ये आणि पीट सीगर २०१४ च्या जानेवारीत, वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. बोट थांबली नाही. २००४ मध्येच तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाच्या यादीत झाली होती.

आपल्या वर्गासाठी

आपण काही बोट बांधणार नाही. पण या गोष्टीचा गाभा वर्गात आणता येतो. काही सोपे उपक्रम देतोय, तिसरी ते सातवीसाठी चालतील.

१. निबंधाआधी भेट. 'नदीचे आत्मवृत्त' लिहायला देण्याआधी जवळच्या नदीवर, ओढ्यावर किंवा खाडीवर एक तास न्या. वहीत फक्त दिसलेलं, ऐकलेलं आणि वास आलेलं लिहायचं. मग निबंध. साच्यातली वाक्यं आपोआप कमी होतील.

२. आजी-आजोबांची मुलाखत. तुम्ही लहान असताना नदीत काय करायचात? कोणते मासे मिळायचे? पाणी प्यायचात का? कधीपासून बंद केलं? उत्तरं एका तक्त्यावर वर्षानुसार लावा. गावच्या नदीचा इतिहास तयार होतो, आणि तो कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पालकांनी यात नक्की मदत करावी.

३. दोन बाटल्या. पुलाच्या वरच्या अंगाचं आणि गावाच्या खालच्या अंगाचं पाणी पारदर्शक बाटल्यांत भरून शेजारी ठेवा. एक दिवस हलवू नका. रंग, गाळ, वास यांची नोंद करा.

४. नकाशा. आपल्या घरातलं मोरीचं पाणी कुठे जातं, तिथून कुठे, शेवटी कुठे? बाण काढत जा. बहुतेक मुलांचा बाण नदीपर्यंत पोचतो. घाण करणारा 'माणूस' कुणी दुसराच नसतो, हे तेव्हा समजतं.

५. बारा महिन्यांची जबाबदारी. काठावरच्या एका छोट्या जागेची वर्षभर नोंद ठेवायची, दर महिन्याला एक गट. उद्घाटन नको, फोटो नको. फक्त वही.

सुरक्षेचं मुद्दाम सांगतो. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. पावसाळ्यात काठावर नेऊ नका. पाण्याचे नमुने शिक्षकांनीच, हातमोजे घालून, दोरीला बांधलेल्या बादलीने घ्यावेत. जिथे कारखान्याचं किंवा दवाखान्याचं सांडपाणी येतं तिथे मुलांना पाण्याला हात लावू देऊ नका. पुलावरून बघणंही पुरेसं आहे.

पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन 'आपल्या नदीतला मासा खायचा का?' असं विचारेल, तेव्हा 'तुला काय करायचंय' म्हणू नका. उत्तर माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन आपलं सांडपाणी कुठे सोडतात हे विचारायला मुलाला सोबत घेऊन जा. नागरिकशास्त्राचा तो सगळ्यात चांगला तास ठरेल.